कडेकडेनं

चेर्नोगोलोव्का. जानेवारीचा शेवट.
पगार नाही चार महिने; परवा संस्थेच्या ट्रकमधून
माणशी एक पोतं बटाटे आले.
माझं पोतं अजून प्रयोगशाळेच्या दाराशी आहे,
थंडीनं गोड पडायला लागलेलं.
रिम्मा आर्कादियेव्नानं आपलं देऊन टाकलं
हेलियमवाल्या ड्रायव्हरला,
आणि आता ती ते पिंप थोपटून विचारते,
"किती असेल गं, झुल्फिया?"
एका रात्रीपुरतं.

नमुना निओबियमचा. चौकोनी, नखाएवढा,
केसाच्या दोनशेव्या हिश्श्याइतका पातळ थर.
मी चिमट्यानं उचलला आणि हात हलला.
कडेपाशी एक ओरखडा,
कुणाच्या बापाला दिसणार नाही असा.
मी बोलले नाही.

त्यावर गार्नेटचा आरसा पालथा ठेवायचा.
तो तिनंच वाढवलाय, शिशाच्या तापल्या रसात,
प्लॅटिनमच्या मुशीत,
ज्या वर्षी तिचा ल्योवा शाळेत जायला लागला.
जिथे चुंबकत्व असेल
तिथे हा आरसा उजेडाला जरासा पीळ देतो,
आणि पीळ पडलेला तेवढाच उजेड
वरच्या गाळणीतून डोळ्यापर्यंत पोचतो.
"आधी आरशाच्या स्वतःच्या नागमोडी रेघा ओळखायला शीक,
नाहीतर त्याचं पाप थराच्या माथी मारशील."

काटा चारवर.
(हे चार त्या शून्यापासून मोजलेले
ज्याच्या खाली काही नाही.)
तिनं गुंडाळीत वीज सोडली, थेंबाथेंबानं.
चौकोन काळाकुट्ट. कुणाला आत घेत नाही.
नुसत्या कडा उजळल्या,
बंद दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीतला दिवा दिसावा तशा.
मग थोडी आणखी, आणि थोडी.
उजेड प्रत्येक बाजूच्या मध्यातून आत सरकत राहिला,
कोपऱ्यांना टाळून,
आणि कोपऱ्यांतून निघालेल्या काळ्या रेघा
मधोमध भेटल्या.
पालथं घातलेलं पाकीट.
"हैफाहून आलेलं," ती म्हणाली.
ल्योवाचं शेवटचं पत्र ऑक्टोबरातलं.

पण उजवीकडे पाकीट फाटलं होतं.
तिथून उजेड पंख्यासारखा आत घुसलेला,
बाकीच्यांच्या कितीतरी पुढे.
मी म्हणाले, माझ्या हातनं झालं.
ती भिंगावरून उठली नाही.
"अगदी निर्दोष थर असता ना,
तर आत आलेली एक रेषाही जागेवर टिकली नसती.
कशात तरी अडकल्याशिवाय थांबतं का कुणी?
आतला दोष खुंटी असतो, बाई. कडेचा दार."
आणि, जरा थांबून,
"चिमटा उद्यापासून मी धरीन."

मग ते झालं.
वीज केसभर वाढवली आणि
ओरखड्यातून एक झाड उभं राहिलं.
आवाज नाही. वाढणं नाही.
आधी नव्हतं आणि आता होतं, अंधारभर फांद्या.
पापणी लवणं हेसुद्धा तिथे फार ढोबळ माप.
तिनं शटर दाबलं. रोलमध्ये सहाच फ्रेम.
थर तापवला, पुसला, पुन्हा गारठवला:
पुन्हा झाड, मूळ तेच,
फांद्या निराळ्या. तिसऱ्यांदाही निराळ्या.
चौथ्यांदा आम्ही दोघी पैज लावून बसलो, डावीकडे वळेल की उजवीकडे,
दोघी हरलो.

पहाटे वीज शून्यावर आणली.
झाड गेलं नाही.
बाहेर काही उरलं नव्हतं ज्यानं त्याला धरावं,
तरी ते होतं, खुंट्यांना लटकून.
पिंप कोरडं झालं. काटा चढत गेला,
सात, आठ,
नऊच्या थोडं पुढे सगळं एका दमात पुसलं गेलं
आणि उरल्या फक्त आरशाच्या नागमोडी रेघा.

वहीत तिनं लिहिलं: नमुना चौदा. उजव्या कडेला दोष.
कुणाच्या हातचा, ते नाही लिहिलं.
कोट चढवला, टोपी कानांवर ओढली,
दाराशी वाकून
माझ्या पोत्यातले चार बटाटे, निवडून, मोठे मोठे,
न विचारता पिशवीत टाकले.